स्लॅब ओतून होतात, ताबा का अडतो? बांधकाम कंपनीचे धोरण आणि वरच्या माणसाची सही

बांधकाम कंपनीचे खरे धोरण पाहायचे असेल तर शनिवारी दुपारी चारनंतर तिच्या अकाउंट्स विभागात जाऊन बसावे. मी काही वर्षे पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचे काम केले. बाहेरच्या बाकावर सेंटरिंगचा ठेकेदार, प्लास्टरचा ठेकेदार आणि फरशीवाला बसलेले असायचे. आठवड्याची खर्ची, म्हणजे मजुरांना वाटायचे पैसे, हातात पडल्याशिवाय त्यांच्या मजुरांचा रविवारचा बाजार होत नसे. आत साहेबांच्या टेबलावर त्यांची बिले सहीसाठी ठेवलेली असत. त्याच वेळी शेजारच्या केबिनमध्ये जमिनीचा एजंट चहा घेत असे. शहराच्या कडेला पाच एकराचा तुकडा आलाय, सोमवारपर्यंत टोकन, म्हणजे जमिनीचा विसार, दिले नाही तर दुसरा बिल्डर उचलेल, असे त्याचे म्हणणे असे.

समजा, खात्यात एक कोटी आहेत. ठेकेदारांची देणी एक कोटीची आणि टोकनही एक कोटीचेच. रिसेप्शनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘वेळेवर ताबा, हाच आमचा शब्द’.

साहेबांनी टोकनवर सही केली, तर सोमवारी प्लास्टरची गँग दुसऱ्या साइटवर गेलेली असते. एकदा हललेली गँग परत आणायला कधी तीन आठवडे लागतात, कधी पाच. तोवर मागचा फरशीवाला अडतो, त्याच्या मागे रंगारी अडतो, दारे-खिडक्यांचा माल गोदामात पडून राहतो. संचालकांची बैठक झालेली नसते, ठराव झालेला नसतो, भिंतीवरचे वाक्यही कोणी पुसलेले नसते. तरीही त्या शनिवारी कंपनीचे धोरण बदललेले असते, आणि ते फक्त एका सहीने.

रिअल इस्टेट कंपनीत नेतृत्वाचा धोरणाच्या अंमलबजावणीवर काय परिणाम होतो, हा विषय व्यवस्थापनाच्या वर्गात आकृत्या काढून शिकवला जातो. मला तो नेहमी त्या बाकाजवळूनच समजत आला आहे.

धोरण म्हणजे काय, अंमलबजावणी म्हणजे काय

सोप्या भाषेत सांगायचे तर धोरण म्हणजे काय करायचे आणि काय करायचे नाही, हे ठरवणे. ‘आम्ही मध्यमवर्गीयांसाठी दोन बीएचके बांधू, आलिशान टॉवरच्या मागे लागणार नाही’ हे धोरण झाले. ‘जमीन विकत घेणार नाही, जमीनमालकाबरोबर विकास करार करू’ हेही धोरणच. अंमलबजावणी म्हणजे हा निर्णय रोजच्या शंभर छोट्या निर्णयांमध्ये टिकवणे. कोणाला आधी पैसे द्यायचे, कोणाची बदली करायची, कुठल्या ग्राहकाला ‘नाही’ म्हणायचे, हे सगळे त्यात आले.

प्रत्येक धंद्यात या दोहोंमध्ये अंतर पडते. बांधकामात ते जास्त पडते, आणि त्याची कारणे या धंद्याच्या रचनेतच आहेत. साबणाच्या कारखान्यात आज घेतलेला चुकीचा निर्णय पुढच्या महिन्याच्या विक्रीत दिसतो. बांधकामात एक प्रकल्प चार-पाच वर्षे चालतो, मोठा असेल तर दहासुद्धा. आजची चूक तीन वर्षांनी उघडी पडते, आणि तोवर ती करणारा माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. शिवाय इथे काम करणारे बहुतेक हात कंपनीच्या पगारावर नसतात. स्लॅब ठेकेदार ओततो, सळई दुसराच बांधतो, लिफ्ट तिसरी कंपनी बसवते. म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द कंपनीचा, आणि तो पाळणारे लोक बाहेरचे. मधला दुवा फक्त वेळेवर मिळणारा पैसा आणि साइटवरच्या इंजिनिअरचा शब्द.

आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे माल तयार होण्याआधीच ग्राहकाचा पैसा हातात येतो. हे नीट उलगडायला हवे, कारण बाकीचे सगळे यावरच उभे आहे.

स्लॅबचे पैसे आणि फिनिशिंगचे पैसे

महाराष्ट्रात फ्लॅटच्या विक्रीसाठी नमुना करारनामा ठरवून दिलेला आहे. त्यात बिल्डरने कुठल्या टप्प्यावर जास्तीत जास्त किती टक्के रक्कम घ्यावी हे लिहिलेले असते. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचे काम पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब ओतून झाल्यावर ७०. भिंती, आतले प्लास्टर, फरशी, दारे, खिडक्या झाल्या की ७५. मग जिने, लॉबी आणि सॅनिटरी फिटिंगला ८०, बाहेरचे प्लास्टर, प्लंबिंग आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५. लिफ्ट, पंप, वीज जोडणी वगैरे झाल्यावर ९५, आणि शेवटचे ५ टक्के ताब्याच्या वेळी.

हे आकडे साहेबांच्या खुर्चीत बसून पुन्हा वाचा. सांगाडा उभा राहिला की ७० टक्के वसूल. त्यानंतर भिंती, प्लास्टर, फरशी, दारे, खिडक्या असे कितीतरी चिवट काम करायचे आणि त्याबद्दल मिळणार फक्त पाच टक्के. स्लॅबचे काम झपाझप होते, ते रस्त्यावरून दिसते आणि त्याने तिजोरी भरते. फिनिशिंग सावकाश होते, त्याला वीस प्रकारचे कारागीर लागतात, ते रस्त्यावरून दिसत नाही आणि त्याला पैसा लागतो. मग स्लॅब संपताच मिळालेल्या पैशातून नवीन जमीन घ्यावी, तिथे बुकिंग उघडावे आणि पहिल्या इमारतीचे फिनिशिंग त्या नव्या बुकिंगच्या पैशातून करू, असा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. बाजार चढता असतो तोवर हे गणित जमते. बुकिंग मंदावले की दोन्ही इमारती अर्धवट राहतात. तुमच्या गावाबाहेर वर्षानुवर्षे काळपट पडत चाललेला, सळया वर आलेला सांगाडा असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

२०१६ चा रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाचे नियमन करणारा कायदा, याच जागी बोट ठेवतो. महाराष्ट्रात त्याखालचे नियामक प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून काम करू लागले. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरता येते. काढायची तर अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात, आणि काम जितके टक्के झाले त्या प्रमाणातच काढता येते. कायद्याने आखलेली ही किमान मर्यादा आहे. उरलेल्या ३० टक्क्यांचे काय करायचे, काढलेली रक्कम खरोखर त्याच साइटच्या ठेकेदाराला शनिवारी मिळते का, दाखल्यावर सही करणाऱ्या अभियंत्याला ‘जरा वाढवून लिहा’ असा निरोप जातो का, हे अजूनही वरच्या माणसाच्या वृत्तीवरच ठरते.

ती वृत्ती बिघडली की काय होते, याचे उदाहरण उत्तरेत आहे. नोएडा आणि ग्रेटर नोएडातल्या आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांमध्ये ४० हजारांहून अधिक कुटुंबांची घरे अडकली. २३ जुलै २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरखरेदीदारांचा पैसा दुसरीकडे वळवला गेल्याचे नमूद केले, समूहाची रेराखालची नोंदणी रद्द केली आणि अर्धवट इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे दिले. नकाशे, परवानग्या, इंजिनिअर, ग्राहक, सगळे काही आम्रपालीकडे होते. पैसा कुठे जाणार हे ठरवणारा हात मात्र घर बांधण्याच्या धोरणाशी बांधलेला नव्हता.

हडपसरची सव्वाशे घरे

आता उलट बाजूचे उदाहरण. ते माझ्या शहरातले आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुण्याच्या पूर्वेला हडपसरजवळ मगर कुटुंबाची आणि त्यांच्या भावकीची शेती होती. शहर सरकत सरकत बांधापर्यंत आले. अशा वेळी शेतकऱ्यापुढे जे पर्याय असतात तेच त्यांच्यापुढे होते. संपादनाची नोटीस येईपर्यंत थांबायचे, नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा धाक झेलायचा, किंवा एकेक तुकडा बिल्डरला विकून आलेल्या पैशात गाडी, बंगला आणि लग्न उरकायचे. पुण्याच्या आसपास अनेक गावांत काय झाले ते आपण पाहिले आहे. जमीन गेली, पैसाही गेला, आणि मालकाचा मुलगा त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या गेटवर पहारा देऊ लागला.

१९९० च्या दशकात सतीश मगर यांनी भावकीपुढे वेगळा विचार ठेवला. जमीन विकायची नाही, सगळ्यांनी मिळून कंपनी काढायची, ज्याची जितकी जमीन त्याला त्या प्रमाणात शेअर, आणि शहर आपणच वसवायचे. सुमारे १२० कुटुंबांची मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र आली. वास्तुविशारद हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आराखडा केला. २००० च्या आसपास घरे उभी राहू लागली, आयटी कंपन्यांसाठी सायबरसिटी आली, आणि मगरपट्टा सिटी हे नाव पुण्याबाहेरही पोचले.

कल्पना म्हणून हे एका वाक्यात मावते. अवघड होते ते पुढचे. एका बांधावरून दोन सख्खे भाऊ तीस वर्षे कोर्टात जातात, अशा मुलखात सव्वाशे सातबारे एका कंपनीच्या नावाखाली आणायचे होते. इथे बाहेरून आणलेल्या मोठ्या पगाराच्या सीईओचा उपयोग झाला नसता. शब्द टाकणारा माणूस भावकीतला हवा होता, त्याची स्वतःची जमीनही त्याच डावावर लागलेली हवी होती, आणि ती होती. नेतृत्वाचा पहिला परिणाम इथे दिसतो. जे धोरण नेत्याला स्वतःलाही तेवढेच लागू होते, त्यावर लोक विश्वास ठेवतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘शेतकरी बेघर होणार नाही’ एवढ्यावर हे धोरण थांबले नाही. शेतकऱ्याची पुढची पिढी धंद्यात उभी राहिली पाहिजे, असेही ठरले. बांधकामाचे ठेके, साहित्याचा पुरवठा, देखभाल अशी कामे भावकीतल्या तरुणांनी शिकून घ्यावीत यासाठी त्यांना उत्तेजन दिले गेले. प्लॅनिंगवाल्याच्या नजरेने याकडे पाहा. मी आधी म्हटले की बांधकामात शब्द कंपनीचा आणि हात बाहेरच्यांचे असतात. इथे त्या हातांपैकी काही हात भागधारकांच्या घरातलेच झाले. गँग हलवून दुसऱ्या साइटवर जाणाऱ्या ठेकेदारात आणि स्वतःच्या चुलत्याच्या कंपनीचे काम करणाऱ्या ठेकेदारात फरक पडणारच.

तिसरी गोष्ट पैशाची. जमीन आधीच भागीदारांची होती, म्हणजे जमिनीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज डोक्यावर नव्हते. पुढची अनेक वर्षे बांधायला पुरेल इतकी जागा एकाच ठिकाणी होती, म्हणजे शनिवारी एजंटाला टोकन देण्याचा मोहही कमी. नेत्याला रोज संयम दाखवावा लागू नये अशी रचनाच त्याने सुरुवातीला करून ठेवली, असे मी म्हणेन. चांगला नेता स्वतःच्या मनोनिग्रहावर फार विसंबून राहत नाही, मोहाचे दार आधीच बंद करून ठेवतो.

या रचनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. शेअर जमिनीच्या प्रमाणात होते, म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नव्हता त्याला या हिशेबात जागा नव्हती. सलग जमीन, एकच भावकी आणि सगळ्यांना मान्य असा माणूस, हे तिन्ही एका ठिकाणी क्वचितच जुळते. सिंहगड रस्त्यावर सुमारे ७०० एकरांवरची नांदेड सिटी त्याच पद्धतीने आणि सतीश मगर यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. इतर अनेक गावांत मात्र असा विचार पारावरच्या चर्चेपुढे गेला नाही. हेच सतीश मगर पुढे २०१९ मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या क्रेडाई या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले.

‘जगून राहा’ म्हणाले, आणि तरी

धोरण बरोबर असणे आणि ते अमलात येणे यांतले अंतर बघायचे असेल तर चीनकडे पाहावे. एव्हरग्रांद या तिथल्या बांधकाम कंपनीची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कर्जावर कर्ज, बांधण्याआधीच घरांची विक्री, आणि त्या पैशातून फुटबॉल क्लब, बाटलीबंद पाणी, विजेवरच्या मोटारी. ऑगस्ट २०२० मध्ये चीन सरकारने बांधकाम कंपन्यांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’ आखल्या. २०२१ च्या अखेरीस एव्हरग्रांद देणी थकवू लागली, तेव्हा तिच्यावर ३०,००० कोटी डॉलरहून अधिक देणे होते. २९ जानेवारी २०२४ रोजी हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. तिच्या मुख्य उपकंपनीने २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मिळून ५६,००० कोटी युआनहून अधिक उत्पन्न फुगवून दाखवले, असे तिथल्या नियामकाने म्हटले आणि संस्थापक श्यू ज्यायिन यांच्यावर रोखे बाजारात आजन्म बंदी घातली. इथे नेतृत्वच चुकीच्या दिशेने होते, त्यामुळे शिकण्यासारखे फार नाही.

मला अस्वस्थ करते ती वान्केची गोष्ट. चीनमधल्या शेन्झेन शहरातली ही बांधकाम कंपनी शिस्तीसाठी नावाजलेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे लाल रेषांच्या दोन वर्षे आधी, तिच्या अंतर्गत बैठकीत मागच्या पडद्यावर तीन मोठी चिनी अक्षरे झळकली. अर्थ होता, ‘जगून राहा’. अध्यक्ष यू ल्यांग यांच्या नेतृत्वाखालच्या या कंपनीला वादळ येताना दिसले होते. देशभर त्या फलकाची चर्चा झाली. तरीही २०२४ साली वान्केला ४,९०० कोटी युआनहून मोठा तोटा झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये यू ल्यांग अध्यक्षपदावरून गेले. जास्त कर्ज काढून भराभर विस्तार करण्याची या धंद्यातली सवय आपल्याला ठामपणे सोडता आली नाही, हे कंपनीने स्वतःच पुढे मान्य केले.

असे का होते? माझे मत असे की फलक मुख्यालयात लागतो, पण सवय शाखांमध्ये राहते. एखाद्या शहरातल्या व्यवस्थापकाची बढती दहा वर्षे ‘किती जमीन घेतली, किती विक्री केली’ यावर झाली असेल, तर पडद्यावरची तीन अक्षरे पाहून तो घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमीन शोधायला निघतो. त्याला कोणी सांगितलेलेच नसते की आता न घेतलेल्या जमिनीबद्दलही शाबासकी मिळेल. नेत्याने दिशा बदलली आणि बढतीचा नियम तोच ठेवला, तर लोक बढतीच्या नियमामागे जातात. यात त्यांचा दोषही नाही, त्यांना घर चालवायचे असते.

आपल्याकडेही अगदी हेच. विक्री विभागाला बक्षीस बुकिंगच्या आकड्यावर मिळते, म्हणून ते ग्राहकाला डिसेंबरचा ताबा सांगून टाकतात. प्लॅनिंगच्या तक्त्यात मात्र जून लिहिलेला असतो. ब्रोकरला, ज्याला आता चॅनल पार्टनर म्हणतात, दलाली करारनाम्याच्या वेळीच मिळते. साइटच्या लोकांचे कौतुक स्लॅब किती दिवसांत पडला यावर होते, बाथरूममध्ये पाणी साठवून गळती तपासली का यावर नाही. तीन खाती, तीन दिशा. त्यांना एका दिशेला वळवण्याचा अधिकार कंपनीत एकाच खुर्चीकडे असतो. तिने विक्रीवाल्यांच्या बक्षिसाचा थोडा भाग ताबा मिळेपर्यंत राखून ठेवला, तरी तारखा आपोआप खऱ्या सांगितल्या जाऊ लागतात.

‘नव्वद टक्के झालंय, साहेब’

बांधकामात हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस नसेल. नव्वद टक्के झालेले काम सहा महिन्यांनीही नव्वद टक्केच असते. याला कारण फक्त आळस नसतो. शेवटच्या दहा टक्क्यांत लिफ्टची तपासणी, अग्निशमन दलाचा दाखला, ड्रेनेजची जोडणी, महावितरणचा ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, असे सगळे दुसऱ्यांच्या हातातले काम असते. साइट इंजिनिअरला हे तीन महिने आधीपासून दिसत असते. तो सांगत का नाही?

कारण मागच्या वेळी ज्याने सांगितले त्याला भर बैठकीत झापले गेले, हे त्याने पाहिलेले असते. वाईट बातमी आणणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर त्या कंपनीत वाईट बातमी वर चढतच नाही. ती तळघरातल्या ओलीसारखी खालीच मुरत राहते आणि एक दिवस थेट ग्राहकाच्या भिंतीवर दिसते.

मी एका प्रकल्प प्रमुखांबरोबर काम केले. त्यांची एक पद्धत मी विसरलो नाही. सोमवारच्या बैठकीत ते प्रगतीबद्दल विचारतच नसत. पहिला प्रश्न असायचा, ‘या आठवड्यात काय अडणार आहे?’ ज्याच्याकडे उत्तर नसे त्याला ते साइटवर परत पाठवत, अजून एकदा बघून ये म्हणून. रागावत नसत. दोन-तीन महिन्यांत असे झाले की लोक अडचण लपवण्याऐवजी घेऊन यायला लागले. खिडक्यांच्या काचा उशिरा येणार हे आम्हाला काचेवाल्याच्या फोनची वाट न पाहता कळू लागले. मग गँग दुसऱ्या विंगमध्ये वळवता येई आणि दिवस वाया जात नसत. हे नेतृत्वच, पण ना त्यात भाषण होते ना फलक.

कर्जाच्या बाबतीतही असाच एक प्रश्न उघडपणे विचारावा लागतो. किती कर्ज म्हणजे फार? मुंबईच्या लोढा समूहाच्या भारतातल्या व्यवसायावर मार्च २०२१ मध्ये सुमारे १६,००० कोटी रुपयांचे निव्वळ कर्ज, म्हणजे हातातली रोकड वजा जाता उरणारे कर्ज, होते. एप्रिल २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २,५०० कोटी उभारले, पुढेही भांडवल आणले, आणि स्वतः जमीन घेण्याबरोबर जमीनमालकांशी संयुक्त विकासाचे करार वाढवले. मार्च २०२४ पर्यंत हा आकडा सुमारे ३,००० कोटींवर आला. माझ्या दृष्टीने इथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की मर्यादा आकड्यात आणि जाहीरपणे सांगितली गेली. ‘कर्ज कमी करू’ हे वाक्य कोणालाही सोयीप्रमाणे वाकवता येते. दर तिमाहीला गुंतवणूकदारांसमोर वाचून दाखवायचा आकडा तसा वाकत नाही.

कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांत, आणि आपल्याकडे बहुतेक बांधकाम कंपन्या तशाच आहेत, आणखी एक गाठ असते. वडिलांनी माणसे जोडून धंदा वाढवला, मुलगा परदेशात शिकून आला आणि सॉफ्टवेअर घेऊन आला. दोघांचेही बरोबर असते. पण ठेकेदाराला मुलाने ‘नाही’ सांगितले आणि संध्याकाळी वडिलांनी फोनवर ‘देऊन टाकू’ म्हटले, की दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या सहीला किंमत राहत नाही. कोणाची सही कुठपर्यंत चालेल हे घरातच, जेवणाच्या टेबलावर ठरवून घ्यावे लागते. साइटवर ते भांडण पोचले की सगळेच सोयीचा साहेब निवडतात.

घर घेणाऱ्याने हे बाहेरून कसे ओळखायचे

कंपनीच्या केबिनमध्ये आपल्याला कोणी बसू देत नाही. पण महारेराच्या संकेतस्थळावर बरेच काही उघडे असते, आणि ते बघायला पैसे पडत नाहीत. ज्या प्रकल्पात घर पाहताय त्याचे पान उघडा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते पाहा. दर तिमाहीची प्रगतीची माहिती वेळेवर भरलेली आहे का, की मध्येच दोन-तीन तिमाह्या कोऱ्या आहेत? प्रकल्पावर कर्जाचा बोजा आहे का आणि कोणाचा? मग त्याच प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे, इतर प्रकल्प शोधा. जुने तीन अर्धवट आणि नवीन दोन नुकतेच नोंदवलेले असतील, तर स्लॅबचे पैसे कुठे चाललेत याचा अंदाज तुम्हीच बांधू शकता.

त्यानंतर एका शनिवारी संध्याकाळी साइटवर जा. सॅम्पल फ्लॅट नाही, मागची बाजू. गेटजवळ उभे राहून कोणा मिस्त्रीला सहज विचारा, ‘काय मामा, खर्ची वेळेवर मिळते का?’

तो काय म्हणतो ते ऐका, आणि मग बुकिंगचा चेक लिहायला बसा.